दूध आटते कुठे?

कुंडलिकेच्या एका तीरावर रोहा आणि दुसऱ्या तीरावर अष्टमी. मधल्या पुलावर सकाळी जी वर्दळ सुरू होते, तीत धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीला निघालेल्या बायका असतात, शाळेत शिकवणाऱ्या असतात, दुकानात-बँकेत कामाला जाणाऱ्या असतात आणि दिव्याकडे जाणारी गाडी गाठायला धावणाऱ्याही असतात. यातल्या एखादीचे चार-पाच महिन्यांचे बाळ घरी असेल, तर तिच्या डोक्यात घड्याळ चालू असते : सकाळी सातला पाजून निघाले, आता पुढचे कधी? दुपारपर्यंत छाती दगडासारखी होते, संध्याकाळी ओढणीआड कपडे भिजलेले असतात. असे दहा-पंधरा दिवस गेले की दूध कमी होऊ लागते. मग घरातले कोणीतरी काळजीने म्हणते, ‘‘तुझे दूध पुरत नाही गं त्याला. वरचे सुरू कर.’’

काळजी खरी असते, निदान मात्र बहुतेक वेळा चुकते. आईचे दूध हा डब्यात भरून ठेवलेला साठा नव्हे, की वापरला आणि संपला. ते जेवढे काढले जाते तेवढेच नव्याने तयार होते. बाळाने ओढले, हाताने पिळले किंवा पंपाने काढले, तरी शरीराच्या लेखी ती मागणीच असते. मागणी थांबली की उत्पादन थांबते. म्हणून ‘हिला दूध का येत नाही?’ हा प्रश्न विचारण्याआधी ‘हिचे दूध वेळेवर काढले जाते का, आणि जात नसेल तर का?’ हे विचारायला हवे. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आईच्या शरीरात क्वचितच सापडते. ते घरात, दवाखान्यात आणि कामाच्या ठिकाणी सापडते.

ज्यांच्या गोठ्यात गाय होती त्यांना हे शास्त्र सांगावे लागत नाही. धार काढण्याआधी वासरू लावतात. वासराने दोन ढुश्या दिल्या की गाय पान्हा सोडते. अनोळखी माणूस बसला, गोठ्यात आरडाओरड झाली की तीच गाय पान्हा चोरते. कासेत दूध असते, पण उतरत नाही. बाईच्या शरीरातही दोन वेगळी कामे दोन संप्रेरके करतात. बाळ ओढू लागले की मेंदूकडून प्रोलॅक्टिन स्रवते आणि ते दूध तयार करवते. त्याची पातळी रात्री जास्त असते, म्हणून रात्रीचे पाजणे चुकवणे महागात पडते. दुसरे ऑक्सिटोसिन. ते तयार झालेले दूध पुढे ढकलते, म्हणजेच पान्हा फोडते. वेदना, भीती, लाज, अवघडलेपण यांनी ते अडते. तिसरी गोष्ट स्तनातच घडते. दूध भरून राहिले की तिथल्या पेशींना काम हळू करण्याचा इशारा मिळतो. रिकामा होत आलेला स्तन भराभर दूध करतो, तुडुंब भरलेला संथपणे. ‘दोन वेळा पाजले नाही तर दूध साठेल आणि रात्री भरपूर मिळेल’ हा हिशेब म्हणूनच उलटा आहे. साठवलेले दूध एखाद्या वेळेपुरते जास्त दिसते, पण रोज तसेच केले तर एकूण दूध घटत जाते.

पहिली गफलत पहिल्या तीन-चार दिवसांत होते. सुरुवातीचे दूध म्हणजे चीक. तो दाट, पिवळसर आणि थोडाच असतो, दिवसभरात काही चमचे. नवजात बाळाला तेवढाच पुरतो. भरपूर दूध उतरायला साधारण दोन ते चार दिवस लागतात. सिझेरियन झाले असेल तर कधी थोडा अधिक वेळ. याच काळात, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या रात्री, बाळ तासातासाला रडून अंगाला लागते. हे उपाशी असल्याचे लक्षण मानून डबा आणला जातो. खरे तर ते बाळ आपली मागणी नोंदवत असते. पहिल्या आठवड्यांत दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजणे हे नेहमीचेच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी (२०१९-२१) सांगते की देशात ८८.६ टक्के बाळंतपणे आता दवाखान्यात होतात, पण जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेल्या बाळांचे प्रमाण ४१.८ टक्केच आहे. म्हणजे बाळंतीण दवाखान्यात पोहोचली, पण बाळ आईच्या छातीपर्यंत वेळेवर पोहोचले नाही. हा दोष आईच्या दुधाचा नाही.

दूध पुरते की नाही हे रडण्यावरून ठरवू नये, लंगोटावरून ठरवावे. पाचव्या दिवसानंतर बाळाला चोवीस तासांत किमान सहा वेळा फिकट रंगाची लघवी होत असेल तर दूध पोटात जात आहे. पहिल्या दिवसांत वजन थोडे उतरते, ते दहा ते चौदा दिवसांत जन्माच्या वजनावर परत यायला हवे. पुढचे तीन महिने रोज साधारण वीस ते तीस ग्रॅमची वाढ दिसावी. आशा सेविका बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येणे अपेक्षित असते. त्या भेटीत बाळाचे वजन करून घ्यावे. शेजारणीच्या ‘बारीक दिसतोय’पेक्षा काट्यावरचा आकडा अधिक भरवशाचा. मात्र वजन जन्मापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक घटले, लघवी कमी आणि गडद झाली, कावीळ वाढत गेली किंवा बाळ मलूल पडून पाजायलाही उठेनासे झाले, तर घरगुती उपाय करत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

बाळ नीट धरलेले नसेल तर तासभर पाजूनही स्तन रिकामा होत नाही. बाळाच्या तोंडात नुसते बोंड नव्हे, तर भोवतालचा गडद भागही बराचसा जायला हवा. हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि गिळल्याचा आवाज ऐकू येणारा, अशी ही खूण आहे. पाजताना सतत दुखत असेल, चिरा पडत असतील, तर सहन करत राहू नये. पकड चुकते आहे असे समजून परिचारिकेला किंवा आशाताईला प्रत्यक्ष पाजताना दाखवावे. तेवढ्याने अनेकींचा ‘दूध कमी’चा प्रश्न सुटतो.

या गडबडीत वरचे दूध आले की एक चक्र सुरू होते. बाटलीने पोट भरलेले बाळ पुढच्या वेळी कमी ओढते, कमी ओढले म्हणून कमी तयार होते, कमी तयार झाले म्हणून बाटली वाढते. महिन्याभरात घर म्हणते, ‘‘बघ, आम्ही म्हटले होते ना!’’ गरज नसताना दिलेल्या डब्याने दूध आटवलेले असते आणि ठपका आईवर येतो. पावडरच्या दुधाच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातींवर, फुकट नमुन्यांवर १९९२ च्या कायद्याने बंदी घातली आणि २००३ मध्ये ती अधिक कडक झाली, ती याच कारणाने. वैद्यकीय गरज असेल तिथे वरचे दूध जीव वाचवते, त्यात आईने अपराधी वाटून घेण्यासारखे काही नाही. फक्त तेव्हाही दर वेळी स्वतःचे दूध काढत राहावे, म्हणजे परतीची वाट खुली राहते.

आता खाण्याचे. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, खसखस, बाळंतशोपा, शतावरी कल्प ही आपल्याकडची बाळंतिणीची शिदोरी. बाळंतपणात झिजलेल्या शरीराला यातून उष्मांक, लोह, चुना मिळतो, आणि कोणीतरी आपली काळजी घेते आहे हा दिलासाही. पण लाडू खाऊन दूध वाढते याचा पक्का पुरावा नाही. मेथी-शतावरीवरचे अभ्यास छोटे आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. मेथीचे अर्क मोठ्या मात्रेत घेतले तर रक्तातली साखर उतरू शकते, म्हणून मधुमेहाची किंवा रक्त पातळ करण्याची औषधे चालू असतील तर विचारल्याशिवाय घेऊ नयेत. दूध वाढवण्याच्या गोळ्या तर डॉक्टरांच्या सांगण्याखेरीज नकोतच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार पहिल्या सहा महिन्यांत पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० उष्मांक जास्त लागतात. भात-आमटी, भाकरी, मासे, अंडी, पालेभाजी यांतून ते मिळतात. तहान लागेल तेवढे पाणी प्यावे, ओढूनताणून प्यायल्याने दूध वाढत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अशक्त, अर्धपोटी आईचेही दूध बहुतेकदा बाळाला पुरते. शरीर आधी बाळाला देते आणि किंमत आई चुकवते. तिला खायला घालायचे ते ‘बाळाच्या दुधासाठी’ एवढ्यापुरते नाही, तिच्या स्वतःसाठी घालायचे.

थोड्या बायकांना खरोखरच दूध कमी येते. बाळंतपणात फार रक्तस्राव झाला, वारेचा तुकडा आत राहिला, थायरॉइड मंदावले, स्तनावर पूर्वी शस्त्रक्रिया झाली किंवा स्तनातली दूधग्रंथी मुळातच कमी वाढली असेल, तर नुसते वारंवार पाजून भागत नाही. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही दूध घटते. अशा वेळी ‘तू मनावर घेत नाहीस’ असे म्हणणे क्रूरपणाचे आहे. तिला तपासणी हवी, उपदेश नको.

बाकीच्यांचे दूध आटते ते कामावर परतताना. तिथे पंप किंवा स्वतःचा हात उपयोगी पडतो. कामावर जाण्याच्या दोन-तीन आठवडे आधी, सकाळच्या पाजण्यानंतर एकदा दूध काढण्याची सवय करावी. एक ते सहा महिन्यांचे बाळ दिवसाला सरासरी ७५० ते ८०० मिलीलिटर दूध पिते, म्हणजे आई दूर असलेल्या दर तासामागे तीसेक मिलीलिटर. आठ तासांच्या पाळीला घरून निघाल्यापासून परत येईपर्यंतचे तास धरून हा हिशेब करावा आणि कामावर दर तीन तासांनी एकदा तरी दूध काढावे. घरी आल्यावर, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी पुन्हा थेट अंगावर. पंपात कमी पडले म्हणून घाबरू नये. बाळ यंत्रापेक्षा कितीतरी कुशल असते, त्यामुळे पंपातला आकडा हे दुधाचे खरे माप नव्हे.

पंप लावण्याआधी हात धुवावेत, स्तनावर कोमट ओला रुमाल ठेवावा, हलका हात फिरवावा. बाळाचा फोटो पाहिला, त्याचे दुपटे जवळ घेतले तरी पान्हा लवकर फुटतो. वासरू लावण्याचाच हा प्रकार. पंपाचा फनेल आपल्या मापाचा हवा. जोर वाढवल्याने दूध वाढत नाही, दुखते मात्र. दोन्ही बाजू एकदम काढणारा पंप असेल तर वेळ निम्मा लागतो. पंप नसेल तर हात पुरतो : अंगठा आणि बोटे गडद भागाच्या कडेला ठेवून आधी छातीकडे दाबावे, मग एकमेकांकडे दाबून सोडावे, बोंड ओढू नये. उलट, गरजेपेक्षा फार जास्त काढत राहिल्यानेही गाठी आणि दाह होतो. स्तन लाल होऊन ताप आला तर पाजणे थांबवू नये, जोरात चोळूही नये. थंड पट्टी ठेवावी आणि दिवसभरात उतार पडला नाही तर डॉक्टरांना दाखवावे.

काढलेले दूध झाकणाच्या स्वच्छ भांड्यात ठेवून त्यावर तारीख-वेळ लिहावी. पंचवीस अंशांच्या आसपासच्या तापमानात ते चार तास टिकते. आपल्याकडचा एप्रिल-मे त्याहून गरम, म्हणून तेव्हा बर्फाची पिशवी घातलेला डबा हवा. फ्रिजमध्ये, दारात न ठेवता आत ठेवले तर चार दिवसांपर्यंत चालते. वीज वारंवार जात असेल तर दुसऱ्याच दिवशी संपवावे. वर साय धरली म्हणजे नासले असे नाही, हलकेच हलवावे. उकळू नये. गरम पाण्यात भांडे ठेवून कोमट करावे आणि बाळाला वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावे. उष्टे राहिलेले दोन तासांनंतर टाकून द्यावे. हे सगळे आजीला, सांभाळणाऱ्या मावशींना आणि बाबांनाही यायला हवे. रात्री दूध आईचे असले, तरी पंप धुणे, बाळाचा ढेकर काढणे, लंगोट बदलणे याला काही आई असावी लागत नाही.

इथवर आईने आणि घराने करायचे झाले. पण दर तीन तासांनी दूध काढायचे कुठे? संडासात उभ्याने? गोदामाच्या कोपऱ्यात, दाराला पाठ लावून? पान्हा अवघडलेपणाने अडतो हे वर आलेच आहे. कडी नसलेल्या दारामागे तो फुटत नाही.

किल्ले रायगड आपल्याच जिल्ह्यातला. गडावर दूध घालायला आलेली हिरकणी, संध्याकाळी बंद झालेले दरवाजे, घरी भुकेले तान्हे आणि अंधारात कडा उतरून गेलेली आई, ही आख्यायिका आपण अभिमानाने सांगतो. तिच्या नावाचा बुरूज आहे. एसटी स्थानकांत, सरकारी कार्यालयांत पाजण्यासाठी राखलेल्या खोलीलाही आपण ‘हिरकणी कक्ष’ म्हणतो. नाव उत्तम आहे. पण त्या गोष्टीचे मर्म तिच्या धाडसाइतकेच बंद दरवाजातही आहे. इतरांचे दूध पोहोचवायला आलेल्या बाईला स्वतःच्या बाळाकडे जाऊ दिले नाही, म्हणून तिला कडा उतरावा लागला. आज पाळी सुटेपर्यंत जागा सोडू न देणारा प्रत्येक कारखाना, कार्यालय, दुकान तोच दरवाजा बंद करते आणि आईने रोज कडा उतरावा अशी अपेक्षा ठेवते.

कायदा आईच्या बाजूने आहे. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. पन्नास किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर आणि दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा द्यावी लागते. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीखेरीज पाजण्यासाठी दोन सुट्ट्या हा हक्क तर मूळ कायद्यापासूनचा. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी कायम आहेत. तरीही एक फट राहते. या २६ पैकी आठ आठवडे बाळंतपणाआधी घेतले, तर आई कामावर परतते तेव्हा बाळ जेमतेम चार महिन्यांचे असते, आणि निव्वळ आईचे दूध द्यायचे असते सहा महिने. ते दोन महिने पंपावर आणि त्या दोन सुट्ट्यांवर अवलंबून असतात. सर्वेक्षणाच्या त्याच फेरीत सहा महिन्यांखालच्या ६३.७ टक्के बाळांनाच निव्वळ आईचे दूध मिळत असल्याचे दिसले. उरलेल्या तिसऱ्या हिश्शामागे बंद दरवाजेही आहेत.

आणि ज्यांना रजाच नाही त्यांचे काय? पेणच्या गणपती कारखान्यांत रंगकाम करणाऱ्या, पोह्याचे पापड लाटणाऱ्या, बाजारात भाजी विकणाऱ्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या बायकांना २६ आठवडे कोण देणार? प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी पाच हजार रुपये मिळतात. त्यात सहा महिन्यांची मजुरी भरून निघत नाही. या बायकांना पंपही नको असतो, बाळ जवळ असू द्या एवढेच पुरते. सावलीत बांधलेली झोळी, एक आडोसा आणि पाजायला उठल्याबद्दल मजुरी न कापणे, याला खर्च जवळपास शून्य आहे.

मनावर घेतले तर संस्था काय करू शकते, हे मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाने दाखवले. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये तिथे आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभी राहिली. धारावीला लागून असलेल्या, गर्दीने ओसंडणाऱ्या पालिका रुग्णालयात मातांनी काढून दिलेले दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून, निर्जंतुक करून, ज्यांच्या आईचे दूध मिळू शकत नाही अशा नाजूक बाळांना दिले जाऊ लागले. ज्या वस्तीबद्दल ‘या बायकांना कुठले दूध’ असे सहज म्हटले गेले असते, तिथल्या मातांनी दुसऱ्यांच्या बाळांना पुरेल एवढे दूध दिले. त्यांना हवी होती ती जागा, स्वच्छ भांडे आणि समजावून सांगणारे माणूस.

तेवढेच आपल्याकडेही हवे. हिरकणी कक्ष म्हणजे दारावरची पाटी नव्हे. आतून लागणारी कडी, एक खुर्ची, पंखा, प्लगचा पॉइंट, हात धुवायला नळ आणि जवळ कुठे तरी फ्रिजमधला एक कप्पा, एवढे असले तर तो कक्ष. आपल्या कारखान्यात, शाळेत, बँकेत, नगरपरिषदेत, स्थानकात या सहापैकी किती गोष्टी आहेत, हे तिथल्या प्रमुखाने या आठवड्यात स्वतः जाऊन मोजावे. जे कमी असेल ते एका महिन्याच्या किरकोळ खर्चात भरून निघेल. आणि घरी पुन्हा कोणी ‘दूध पुरत नाही’ म्हणाले, तर डब्याकडे हात जाण्याआधी त्या आईला विचारावे : ‘‘आज तुला किती वेळा बसायला मिळाले?’’